उतरणीवर गिअर धरून ठेवणं

चंदीगडमध्ये ऑटोमॅटिक गाडीचा लिव्हर सकाळी एकदा डीवर टाकला की दिवसभर त्याला हात लावावा लागत नाही. ल कॉर्बुझिएने आखलेले सरळ, रुंद रस्ते, सेक्टरांच्या कोपऱ्यांवरचे गोल चौक आणि जवळजवळ सपाट जमीन. ऑफिसच्या वेळेला मध्य मार्गावर डावा पाय आणि डावा हात मोकळा असणं ही खरी सोय आहे. पण याच शहराच्या उत्तरेला शिवालिकच्या रांगा आहेत. पंचकुला, पिंजोर, कालका मागे टाकून परवाणू आलं की घाट लागतो. तिथून धरमपूर, सोलन, कंडाघाट, शोघी करत रस्ता शिमल्याला पोचतो. चंदीगड समुद्रसपाटीपासून सुमारे ३२० मीटरवर, शिमला सुमारे २,२०० मीटरवर आणि मधलं अंतर ११५ किलोमीटरच्या आसपास. शनिवारी वर गेलेल्या गाड्या रविवारी संध्याकाळी याच वाटेने खाली येतात. त्यांच्या मागे थोडा वेळ चाललं तरी दिसतं, की कित्येकांचे ब्रेकचे लाल दिवे वळणामागून वळण विझतच नाहीत. लिव्हर डीवरच असतो आणि गाडी आवरण्याचं सगळं काम एकटा ब्रेक करत असतो.

या लेखाचा प्रश्न तेवढाच आहे. ऑटोमॅटिक गाडीत गिअर धरून ठेवण्याची जी सोय दिलेली असते, ती कशासाठी असते, वेगवेगळ्या गाड्यांत ती प्रत्यक्षात काय करते आणि कुठे तिच्यावर विसंबू नये? मराठी वाचकाला हा प्रश्न परका नाही. चंदीमंदिरला लष्कराच्या पश्चिम विभागाचं मुख्यालय असल्यामुळे बदलीवर इथे येणारी मराठी कुटुंबं आहेत. पुण्या-मुंबईहून विमानाने चंदीगडला उतरून तिथेच भाड्याची ऑटोमॅटिक घेऊन शिमला-मनालीकडे निघणारेही आता पुष्कळ. आणि हिमाचल सोडा, ताम्हिणी, वरंधा, आंबोली, कसारा, आंबेनळी इथेही प्रश्न हाच आहे.

आपल्याकडच्या घाटात गाडी शिकलेल्या माणसाला एक नियम पाठ असतो: ज्या गिअरवर घाट चढलात, त्याच गिअरवर तो उतरा. क्लच आणि गिअरच्या गाडीत हा नियम पाळायला वेगळं काही करावं लागत नाही, कारण गिअर हातातच असतो. ऑटोमॅटिक गाडीत तो निर्णय गिअरबॉक्सचा संगणक घेतो, आणि घेताना मुख्यतः दोन गोष्टी पाहतो: गाडीचा वेग किती आणि पाय ॲक्सिलरेटरवर किती. उतारावर पाय उचललेला असतो, उताराने वेग वाढत असतो. वेग वाढतोय आणि ताकद कोणी मागत नाही, म्हणजे गाडी सपाट रस्त्यावर निवांत चालली आहे, असा अर्थ साधा संगणक काढतो आणि वरचा गिअर टाकतो. इंजिनाचे फेरे कमी होतात, इंजिनाचा अटकाव जातो, गाडी आणखी सुटते. आपण ब्रेक दाबतो, वेग उतरतो, ब्रेक सोडतो, गाडी पुन्हा धावते. परवाणूपर्यंत हेच चालू राहतं.

यात किती उष्णता तयार होते याचा हिशेब करता येतो. माणसं आणि सामान धरून १,५०० किलोची गाडी शिमल्याहून चंदीगडला येते, म्हणजे सुमारे १,९०० मीटर खाली येते. तेवढ्या उंचीची ऊर्जा पावणेआठ युनिट विजेइतकी भरते. टायरांचं घर्षण आणि वारा तिचा मोठा हिस्सा खातात, कारण सगळी वाट एकसारखी उतरती नाही. खरी परीक्षा तीव्र तुकड्यांवर होते. तीन हजार मीटर उंचीपर्यंतच्या तीव्र डोंगराळ प्रदेशासाठी इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक ६ टक्के उतार नेहमीचा मानतं आणि अपवाद म्हणून ८ टक्क्यांपर्यंत जाऊ देतं. ६ टक्के उतारावर हीच गाडी ताशी ४० किलोमीटरने स्थिर ठेवायची, तर टायर आणि वारा यांचा वाटा वजा केल्यावरही सुमारे सात किलोवॅट शक्ती कुठेतरी जिरवावी लागते. न्हाणीघरातले तीन-चार गिझर एकदम चालू ठेवावेत, इतकी ही उष्णता आहे. वेग ६० वर नेला तर ती दहा किलोवॅटच्या घरात जाते.

ती जिरवायला दोनच जागा आहेत: चाकांवरचे ब्रेक किंवा इंजिन. इंजिनाला रेडिएटर आहे, पाणी आहे, तेल आहे. उष्णता बाहेर टाकण्याची सगळी व्यवस्था त्याच्याकडे जन्मतःच आहे. ब्रेकच्या डिस्कला फक्त वारा मिळतो, आणि घाटात वेग कमी असल्यामुळे तोही बेताचाच. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत मागे ड्रमच असतात, तिथे तर उष्णता कोंडून राहते. सतत दाबलेल्या ब्रेकचे पॅड तापले की त्यांची पकड कमी होते, जळका वास येतो. त्याहून धोकादायक म्हणजे ब्रेक ऑइल उकळणं. हे तेल हवेतली आर्द्रता शोषून घेतं. डॉट ३ प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, पण ओलावा शोषलेल्या तेलासाठी तोच किमान आकडा १४० अंशांवर येतो. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. तेल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल सरळ खाली जातं. कोकणातल्या पावसाळ्यात वर्षानुवर्षं तेल न बदललेली गाडी घेऊन कोणी आंबा घाट उतरत असेल, तर त्याच्या ब्रेकची सहनशक्ती कागदावरच्या आकड्याहून बरीच कमी झालेली असते. म्हणून गिअर धरण्याच्या चर्चेत ब्रेक ऑइल वेळेवर बदलण्याची गोष्टही यायला हवी. ती स्वस्त आहे आणि फार कमी लोक करतात.

इथेच एक जुना समज मोडून काढायला हवा. उतारावर न्यूट्रल केलं की पेट्रोल वाचतं, हे अजूनही ठामपणे सांगितलं जातं. कार्ब्युरेटरच्या काळात त्यात थोडंफार तथ्य होतं. इंधन इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला आणि फेरे पुरेसे असले, की संगणक इंधनाचा पुरवठा साफ बंद करतो. चाकंच इंजिनाला फिरवत राहतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवायला इंधन जाळावंच लागतं. म्हणजे खालच्या गिअरवर, ३,००० फेऱ्यांवर घुमत उतरणारी गाडी त्या वेळी न्यूट्रलमधल्या गाडीपेक्षा कमी पिते. ऑटोमॅटिक गाडी न्यूट्रलवर टाकणं हा तर दुहेरी तोटा, कारण धावत्या गाडीत पुन्हा डी टाकताना गिअरबॉक्सला झटका बसतो.

न्यूट्रलचा मोह काय करतो हे पुणेकरांना सांगायला नको. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार वर्षानुवर्षं माणसं मारतो आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका अवजड वाहनाने डझनावारी गाड्यांना धडक दिली, तेव्हा चालकाने उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलवर सोडली होती, असं प्राथमिक तपासात पुढे आलं होतं. अवजड गाड्यांना निदान एक्झॉस्ट ब्रेक तरी असतो. मोटारीला तसला वेगळा ब्रेक नाही. तिच्याकडे खालचा गिअर आहे, आणि तो बहुतेक वेळा चालकाने मागितला तरच मिळतो.

गिअर धरण्याची सोय जवळजवळ ऑटोमॅटिक गाडीइतकीच जुनी आहे, हे फारसं लक्षात घेतलं जात नाही. जनरल मोटर्सची हायड्रामॅटिक १९३९ मध्ये ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी जाहीर झाली. मोठ्या संख्येने विकली गेलेली ती पहिली पूर्ण ऑटोमॅटिक. तिच्या १९५२ च्या सुधारित आवृत्तीत चालकाला चौथा गिअर टाळून तिसऱ्यावर राहता येऊ लागलं, आणि त्याचं मुख्य कारण डोंगर हेच होतं. पन्नाशीच्या दशकात जग्वारने आपल्या काही ऑटोमॅटिक गाड्यांच्या डॅशबोर्डवर मधला गिअर धरून ठेवणारा वेगळा खटका बसवला होता. पुढे माझ्दाने लिव्हरवर होल्ड नावाचं बटण दिलं: ते दाबलं की लिव्हर जिथे ठेवाल तो गिअर धरून राहायचा, आणि बर्फात दुसऱ्या गिअरवर हळूच निघता यायचं. १९९० च्या सुमारास पोर्शेने टिपट्रॉनिक आणलं, लिव्हर पुढे-मागे ढकलून गिअर वर-खाली करण्याची पद्धत रूढ झाली, आणि शर्यतीच्या गाड्यांतली स्टिअरिंगमागची पॅडल हळूहळू घरगुती गाड्यांतही आली.

भारतात हे सगळं उशिरा आणि तुकड्यातुकड्याने आलं. बराच काळ ऑटोमॅटिक म्हणजे महागडी, जास्त पेट्रोल पिणारी गाडी. चित्र पालटलं ते २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओत एएमटी आणल्यावर. साधाच गिअरबॉक्स, साधाच क्लच, फक्त दोन्ही हलवणारी यंत्रणा वेगळी. किंमत थोडीच वाढली आणि ऑटोमॅटिक मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. त्यानंतरच्या काही वर्षांत एकाच शोरूममध्ये चार-पाच वेगळ्या तऱ्हेच्या ऑटोमॅटिक मिळू लागल्या. लिव्हरवरची अक्षरं सारखीच दिसतात, आत मात्र यंत्र वेगळं असतं. माझ्या मते सगळा गोंधळ इथे आहे, म्हणून यावर जरा थांबायला हवं.

आधी जुन्या तीन-चार गिअरच्या ऑटोमॅटिक घेऊ, कारण वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात त्या अजून भरपूर आहेत. त्यांच्या लिव्हरवर डीच्या खाली दोन आणि एल असतं, काहींत बाजूला ओव्हरड्राइव्ह बंद करण्याचं बटण. बटण दाबलं की सर्वांत वरचा गिअर वगळला जातो, एवढंच. पण दोन आणि एल यांचं काम नुसतं वरचे गिअर वगळण्यापुरतं नाही. या गिअरबॉक्समध्ये डीवर असताना खालचे गिअर बहुधा एकाच दिशेने पकडणाऱ्या क्लचवर चालतात: इंजिन चाकांना ढकलू शकतं, पण चाकं इंजिनाला फिरवू लागली की तो क्लच सुटतो, आणि सायकलच्या मागच्या चाकासारखी गाडी मोकळी पळते. लिव्हर दोनवर किंवा एलवर आणला की आत आणखी एक पट्टा किंवा क्लच आवळला जातो आणि इंजिन गाडीला मागे खेचू लागतं. म्हणून अशा गाडीत डीवर योगायोगाने दुसरा गिअर असला तरी अटकाव मिळेलच असं नाही. लिव्हर खाली आणावाच लागतो.

आताच्या सहा किंवा अधिक गिअरच्या टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणाऱ्या) गाड्यांत अधिक-उण्याचा लिव्हर किंवा पॅडल असतात. मारुतीने २०२२ मध्ये अर्टिगातली चार गिअरची जुनी ऑटोमॅटिक काढून पॅडलवाली सहा गिअरची दिली, तेव्हा हे साध्या कुटुंबाच्या गाडीतही आलं. पण इथे एक फरक ओळखायचा. काही गाड्यांत तुम्ही निवडलेला आकडा म्हणजे प्रत्यक्ष गिअर, तर काहींत तो आकडा म्हणजे वरची मर्यादा. टोयोटाच्या इनोव्हा क्रिस्टा आणि फॉर्च्युनरमध्ये एस मोडवर चार दिसत असेल, तर गाडी चौथ्याच्या वर जाणार नाही एवढंच ठरलेलं असतं. खाली ती तिसऱ्यावर, दुसऱ्यावर आपल्या मनाने जाऊ शकते. उतारासाठी हे दोन्ही प्रकार चालतात, किंबहुना मर्यादेचा प्रकार जास्त क्षमाशील आहे, कारण वळणावर फार हळू झालात तर गिअर आपोआप पडतो. पण मधल्या वेगावर चौथा निवडूनही फेरे अचानक का वाढले, असं ज्याला वाटतं त्याला हा फरक कोणी सांगितलेला नसतो.

दुसरा फरक आणखी महत्त्वाचा. लिव्हर डीवर ठेवून नुसतं पॅडल ओढलं, तर अनेक गाड्यांत तो हुकूम तात्पुरता असतो. थोडा वेळ एकसारखं चाललं, की संगणक समजतो काम झालं, आणि पुन्हा स्वतः गिअर ठरवू लागतो. होंडा सिटीच्या सीव्हीटीत डीवरचं पॅडल असंच वागतं, लिव्हर एसवर असताना मात्र तुमची निवड टिकते. ओव्हरटेक करायला तात्पुरता हुकूम पुरतो. सोलनजवळच्या बारोगपासून परवाणूपर्यंतच्या उतरणीला तो पुरत नाही. तिथे लिव्हरच एमवर (मॅन्युअल) किंवा एसवर न्यायचा.

सीव्हीटीत गिअर मुळात नसतातच. दोन कप्प्यांमध्ये पट्टा वर-खाली सरकतो आणि गुणोत्तर अखंड बदलत राहतं. पॅडलने निवडलेले सहा-सात गिअर हे संगणकाने नेमलेले मुक्काम. तरी उतारावर त्यांचा उपयोग खराच आहे, कारण ठरलेल्या मुक्कामावर गुणोत्तर थांबतं आणि इंजिनाचे फेरे वर राहतात. पॅडल नसलेल्या गाडीत एल किंवा एस असतो. टोयोटा आणि मारुतीच्या हायब्रिड गाड्यांत बी नावाचं ठिकाण आहे. बॅटरी भरत आली की चाकांची ऊर्जा घ्यायला जागा उरत नाही, तेव्हा इंजिन नुसतं फिरवून ती जिरवता यावी, हा त्याचा एक मोठा उपयोग.

एएमटीचा विचार वेगळा करावा लागतो, आणि भारतात ती सर्वांत जास्त लोकांच्या हाती आहे म्हणून जास्त काळजीने. आत साधा गिअरबॉक्स असल्यामुळे एमवर नेऊन दुसरा गिअर धरला की इंजिनाचा अटकाव अगदी हाती गिअर असलेल्या गाडीसारखा स्वच्छ मिळतो. टॉर्क कन्व्हर्टरपेक्षाही बरा. अडचण बदलाच्या क्षणी आहे. गिअर पाडताना क्लच सुटतो, अर्धा-एक सेकंद गाडी मोकळी असते आणि उतारावर तेवढ्यात वेग वाढतो. म्हणून एएमटीत गिअर वळणात पाडायचा नाही, वळणाच्या आधी पाडून ठेवायचा. फार हळू झालं, की इंजिन बंद पडू नये म्हणून क्लच आपोआप सुटतो. कंडाघाटच्या बाजारातल्या रांगेत घसरत उतरताना इंजिन धरून ठेवेल अशी अपेक्षा ठेवू नये. तिथे ब्रेकच लागतो, आणि त्या वेगाला तो तापतही नाही.

दोन क्लचच्या गाड्या, फोक्सवॅगनची डीएसजी किंवा ह्युंदाई-कियाची डीसीटी, उतारावर उत्तम वागतात: गिअर झटकन पडतो, धरलेला राहतो. त्यांचं दुखणं चढावरच्या कोंडीत आहे. शिमल्याच्या वेशीवर सुट्टीच्या दिवशी गाड्या इंच-इंच सरकतात. तिथे ॲक्सिलरेटरवर हलकासा पाय ठेवून गाडी चढावर तोलून धरली, की कोरडा क्लच घसरत राहतो आणि तापतो. एमवर पहिला गिअर धरल्याने हे थांबत नाही, कारण गिअर आधीच पहिला आहे. घसरतोय तो क्लच. उपाय एकच: ब्रेक दाबून थांबा, पुढे गाडीभर जागा झाली की मगच निघा.

हिल होल्ड आणि ऑटो होल्ड या सोयींची गिअर धरण्याशी गल्लत होते. त्या फक्त ब्रेक धरून ठेवतात. हिल होल्ड चढावर निघताना दोन-तीन सेकंद गाडी मागे येऊ देत नाही, ऑटो होल्ड सिग्नलला पाय मोकळा करतं. एसयूव्हीतलं हिल डिसेंट कंट्रोल उतारावर वेग मुख्यतः ब्रेक मारूनच आवरतं. कच्च्या, निसरड्या, अंगावर येणाऱ्या छोट्या उतारासाठी ते फार चांगलं आहे. पण वीस किलोमीटरच्या डांबरी उतरणीवर ते लावून बसणं म्हणजे ज्या ब्रेकला विश्रांती द्यायची त्यालाच पुन्हा कामाला लावणं.

मग कोणता गिअर धरायचा? पाच गिअरच्या लहान गाडीत ताशी ४० ला दुसऱ्यावर फेरे अडीच-तीन हजारांच्या आसपास येतात, तिसऱ्यावर दोन हजारांच्या खाली. आठ गिअरच्या गाडीत हेच आकडे तिसऱ्या-चौथ्यावर मिळतील. त्यामुळे गिअरच्या आकड्यापेक्षा फेऱ्यांचा काटा पाहावा. पेट्रोल गाडीत २,५०० ते ३,५०० च्या दरम्यान इंजिन घुमत असेल आणि पाय दोन्ही पेडलांवरून उचलला असताना वेग स्थिर राहत असेल किंवा अगदी सावकाश वाढत असेल, तर गिअर बरोबर आहे. वेग भराभर वाढतोय तर आणखी एक पाडा. गाडी इतकी धरली जातेय की ॲक्सिलरेटर द्यावा लागतोय, तर एक वर टाका. ब्रेक तरीही लागेलच, पण तो वळणाआधी ठामपणे दाबून पूर्ण सोडायचा; हलका पाय ठेवून घासत न्यायचा नाही.

इंजिनाच्या चढ्या आवाजाची भीती हा मोठा अडथळा आहे. शहरात दीड-दोन हजार फेऱ्यांची सवय झालेल्या कानाला ३,२०० म्हणजे काहीतरी बिघडलं असं वाटतं, शेजारी बसलेली आईसुद्धा विचारते, गाडी एवढी का ओरडते? लाल रेषा सहा हजारांच्या आसपास असलेल्या इंजिनाला हे फेरे तासन्‌तास चालतात, आणि इंधन बंद असल्यामुळे आत ज्वलनाचा भारही नसतो. शिवाय फेरे लाल रेषेपलीकडे जातील असा खालचा गिअर मागितला, तर संगणक तो देतच नाही. चुकून इंजिन मोडण्याची शक्यता हाती गिअर असलेल्या गाडीपेक्षा कमीच आहे. खबरदारी एकाच जागी हवी: नारकंडा किंवा कुफरीला हिवाळ्यात रस्त्यावर गोठलेलं पाणी असतं, तिथे एकदम दोन गिअर पाडले तर चाकं घसरतात. गिअर आधीच खाली ठेवावा आणि वेगही.

चढाबद्दल थोडक्यात. उंची वाढते तशी हवा विरळ होते. शिमल्याच्या उंचीला टर्बो नसलेल्या इंजिनाची साधारण पाचवा हिस्सा ताकद गेलेली असते. अशी गाडी डीवर तिसऱ्या-चौथ्यामध्ये घालमेल करत राहते: चौथा टाकते, दम पुरत नाही, तिसरा पाडते, फेरे वाढतात, पुन्हा चौथा. प्रवाशांना मळमळतं, गिअरबॉक्सचं तेल तापतं. तिसरा धरून टाकला की सगळं शांत होतं. ओव्हरटेकलाही गिअर आधी पाडून ठेवलेला बरा, कारण पेडल दाबल्यावर गाडी विचार करते तो एक सेकंद दोनपदरी रस्त्यावर महाग पडतो. टर्बो गाड्यांत ही गरज कमी भासते.

नव्या संगणकांनी यातलं बरंच काम आपल्याकडे घेतलं आहे, हे मान्य करायला हवं. पाय उचललेला असूनही वेग वाढतोय, ब्रेक वारंवार दाबला जातोय, अशा खुणांवरून ते उतार ओळखतात आणि वरचा गिअर रोखून धरतात, कधी एक पाडतातही. होंडाने ही युक्ती फार पूर्वी आणली, आता ती सर्रास आहे. तरीही त्या संगणकाला समोरचं वळण दिसत नाही. उतार सुरू झाल्यावर, ब्रेक दाबल्यावर त्याला कळतं. रस्त्यावर डोळे असलेल्या माणसाला ते शंभर मीटर आधी कळतं, आणि घाटात त्या शंभर मीटरांचीच किंमत असते.

चंदीगडच्या रस्त्याबाबत एक गोष्ट मला जास्त सतावते. परवाणू ते सोलन रस्ता चौपदरी झाला. रुंदी वाढली, उतार डोळ्यांना सौम्य वाटू लागला, वेग वाढला. जुन्या अरुंद रस्त्यावर ट्रकमागे अडकल्यामुळे सगळेच ताशी तीसने उतरत. आता तीच उंची ६० ने उतरली जाते आणि ब्रेकवरचा भार वाढतो. उलट, ऑगस्ट २०२३ मध्ये चक्की मोडजवळ हा रस्ता खचला, तेव्हा लहान गाड्या जंगेशू-कसौलीच्या अरुंद, अंगावर येणाऱ्या रस्त्याने वळवल्या गेल्या. महामार्गावर डीवर निभावून नेणाऱ्यांना त्या दिवसांत खऱ्या घाटाची ओळख एकदम झाली असणार.

इलेक्ट्रिक गाडीत धरायला गिअरच नसतो, पण प्रश्न तोच राहतो आणि उत्तर सर्वांत सुंदर मिळतं. मोटर उलटी चालून वीज बनवते, गाडी आवरली जाते, बॅटरी भरते. या ब्रेकिंगची पातळी वर ठेवली की उतरणीवर ब्रेकच्या पेडलवर क्वचितच पाय ठेवावा लागतो. २०२० मध्ये आलेल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ युनिटांची होती. वर काढलेला पावणेआठ युनिटांचा हिशेब तिच्या चौथ्या हिश्शाइतका भरतो, त्यातला काही भाग खरोखर परत मिळतो. मात्र शिमल्याच्या हॉटेलात रात्रभर चार्ज करून सकाळी शंभर टक्के बॅटरीने उतरायला लागलात, तर पहिल्या काही किलोमीटरांत वीज साठवायला जागाच नसते आणि हा अटकाव जवळजवळ नाहीसा होतो. उतार मात्र निघाल्याबरोबर सुरू होतो. वरून निघताना ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांवर थांबणं जास्त शहाणपणाचं.

हे सगळं नव्या चालकाला सांगणार कोण? शोरूममध्ये गाडी ताब्यात देताना हार, पेढे, फोटो आणि फोन स्क्रीनला जोडणं होतं. एम किंवा एलवर लिव्हर नेऊन दाखवणं सहसा होत नाही. ड्रायव्हिंग स्कूल हाती गिअरच्या गाडीवर शिकवतं आणि मोटारीचं लायसन दोन्हींसाठी एकच असतं. घाट चढून-उतरून कोणी परीक्षा घेत नाही. पहाडी भागात भाड्याने ऑटोमॅटिक देणाऱ्यांनी निदान पाच मिनिटं याला द्यावीत, ही मागणी मला अवाजवी वाटत नाही. तोवर स्वतः शिकायला चंदीगडकरांजवळ पंचकुल्याहून मोरनीला जाणारा रस्ता आहे: अरुंद, वळणांचा, कामाच्या दिवशी सकाळी बराच मोकळा. एकट्याने जावं, वर पोचून गाडी वळवावी, लिव्हर एमवर घ्यावा, दुसरा गिअर धरावा आणि ब्रेकला जितका कमी हात लावता येईल तितका लावत खाली यावं. पुण्यात असाल तर त्यासाठी सिंहगडाचा रस्ता आहे, नाशकात असाल तर कसारा आहे.